ग्रंथ पुजावा की वाचावा?

ग्रंथाने माणूस सुधारतो काय, हा प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरेही दोन टोकांची आहेत. एक पक्ष म्हणतो की, पोथ्या वाचून कोणी शहाणा होत असता तर आजवर झालेल्या पारायणांच्या बळावर ह्या देशाचा स्वर्ग केव्हाच झाला असता. दुसरा पक्ष ग्रंथास रेशमी वस्त्रात गुंडाळून चौरंगावर ठेवतो, त्यावर हळदकुंकू वाहतो, आणि तेवढ्याने पुण्य पदरी पडले असे समजून स्वस्थ निजतो. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच रोगाचे दोन प्रकार होत; कारण ग्रंथ उघडण्याचे कष्ट दोघांनाही नको असतात. हा वाद ज्यास उदाहरणाने मिटवावयाचा असेल त्याने दूरदेशी जाण्याचे कारण नाही. ज्यांनी आपल्या तारुण्यातील काही काळ ह्याच चंद्रपूर जिल्ह्याच्या अरण्यात काढला, ज्यांना सरकारने ह्याच जिल्ह्यातील चळवळीपायी तुरुंगात घातले, आणि ज्यांच्या ग्रंथाची प्रत आज विदर्भातील असंख्य देव्हाऱ्यांत आढळते, त्या तुकडोजी महाराजांचे चरित्र ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

इ. स. १९०९ च्या एप्रिल महिन्याच्या ३० तारखेस अमरावती जिल्ह्यातील यावली गावी त्यांचा जन्म झाला. बापाचे नाव बंडोजी इंगळे, आईचे मंजुळाबाई, आणि मुलाचे नाव ठेवले माणिक. नाव रत्नाचे असले तरी घरात दारिद्र्य होते. माणिकाचे शालेय शिक्षण मराठी तिसरी-चौथीच्या पुढे सरकले नाही. गुरुजींच्या धड्यांपेक्षा ह्या मुलाचे मन देवळातील भजनात अधिक रमे, आणि टाळमृदंगाचा आवाज कानी पडला की घरचे बोलावणे त्यास ऐकू येत नसे. अशा मुलास जग वाया गेलेला म्हणते. व्यवहारी माणसाने त्याचा हिशेब मांडला असता तर जमेच्या बाजूस एक गोड गळा आणि नावे बाजूस बाकी सर्व, असाच तो निघाला असता.

वरखेड येथे आजोळी असता आडकुजी महाराजांचा सहवास माणिकास लाभला, आणि येथेच त्याच्या आयुष्यास वळण मिळाले. भक्तमंडळीत सांगितली जाणारी कथा अशी की, माणिक लहानपणी इतरांप्रमाणेच तुकोबारायांचे अभंग म्हणे आणि शेवटी तुकोबांच्या नावाची मुद्रा उच्चारी. गुरूंनी एके दिवशी त्यास अडविले आणि तुकोबांच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव घालावयास सांगितले. भाकरीच्या तुकड्यावर वाढलेल्या ह्या पोरास तेव्हापासून तुकड्या हे नाव पडले आणि तीच पुढे त्याची काव्यमुद्रा झाली. कथेतील भाविकतेचा अंश बाजूस ठेवला तरी तिच्यातील बोध फार खोल आहे. दुसऱ्याचे शब्द मुखोद्गत करणे ही विद्येची पहिली पायरी होय. पण ज्याचा त्याच पायरीवर मुक्काम पडतो, त्याचे पाठांतर वाढते आणि तो मुकाच राहतो. आपल्या नावावर, आपल्या जबाबदारीवर, चारचौघांत एखादे वाक्य बोलणे म्हणजे त्या वाक्यास जामीन राहणे होय. गुरूंनी त्या मुलास कविता शिकविली नाही. जामीन राहावयास शिकविले.

गुरूंच्या निधनानंतर हा पोर घर सोडून रानावनांत हिंडू लागला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी अशी त्याची भ्रमंती झाली, आणि आपल्या जिल्ह्यातील चिमूरजवळच्या गोंदोडा येथील अरण्यात त्याने साधना केली. त्या स्थळास लोक आजही तपोभूमी म्हणतात व तेथे यात्रा भरते. परंतु आम्हांस ह्या वनवासाचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटते. रानात गेलेले पुष्कळ असतात; रानातून परत येऊन लोकांच्या दारिद्र्याशी आणि अज्ञानाशी गाठ घालणारे थोडे. चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल म्हणजे केवळ वाघ आणि साग नव्हे. त्यात गोंड, माडिया, कोलाम अशी माणसे राहतात. त्यांना ताप येतो, त्यांचे पीक बुडते, सावकाराच्या वहीत त्यांचा अंगठा उमटतो. ह्या मुलखात वावरलेल्या तरुणाच्या भजनांत पुढे देवाइतकीच गावाची चिंता दिसू लागली, ह्यात नवल ते काय?

हातात खंजिरी, गळ्यात वीज, आणि भाषा कोणासही कळेल अशी मराठी वा हिंदी, एवढ्या भांडवलावर त्यांनी गावे जागी केली. इ. स. १९३५ साली सालबर्डीस मोठा यज्ञ झाला व त्यास प्रचंड जनसमुदाय लोटला. त्याच वर्षी नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ साली महात्मा गांधींच्या सान्निध्यात सेवाग्रामास त्यांचा मुक्काम झाला. त्यानंतर त्यांच्या कार्यास जे स्वरूप आले त्यात ग्रामसफाई, व्यायाम, अस्पृश्यतानिवारण, व्यसनमुक्ती आणि सर्व जातिधर्मांच्या लोकांनी एकत्र बसून करावयाची सामुदायिक प्रार्थना ही प्रमुख अंगे होती. गावात जो मनुष्य कोणापुढे तोंड उघडीत नसे, तो प्रार्थनेत सर्वांबरोबर बसू लागला, सर्वांबरोबर स्वर लावू लागला, आणि पुढे सभेत उभा राहून आपले म्हणणे मांडू लागला. स्वतःचा आवाज सापडणे म्हणजे काय, हे ज्यांनी पुस्तकी व्याख्यांत शोधले असेल त्यांनी ह्या प्रार्थनासभांकडे पहावे.

ह्या आवाजाची धास्ती परकीय सरकारास वाटल्यावाचून राहिली नाही. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात देशभर उठाव झाला. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर येथे लोकक्षोभाचा भडका उडाला. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही तसेच घडले. चिमुरात लोक गोळीबारात पडले, सरकारी अधिकारीही मारले गेले, आणि मागाहून आलेल्या लष्कराने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी ह्यांना ६३ दिवस उपोषण करावे लागले. महाराजांच्या भजनांनी लोकांत पेट घेतला हे सरकारच्या ध्यानात आले होते. त्याच महिन्यात त्यांना चांदा येथे पकडण्यात आले व नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. खंजिरीवर गाणाऱ्या एका फकिरास कोंडून ठेवण्याची पाळी ज्या साम्राज्यावर आली त्या साम्राज्याचा पाया किती पोकळ झाला होता, हे निराळे सांगावयास नको. हिंसेचे समर्थन आम्ही करीत नाही; पण ज्या रयतेस शंभर वर्षे मान खाली घालावयास शिकविले होते तिने मान वर केली, ह्या गोष्टीचे मोल कमी लेखणेही आम्हांस मान्य नाही.

स्वराज्य आले, आणि पुष्कळांस वाटले की आता काम संपले. महाराजांस तसे वाटले नाही. राज्य बदलले तरी गावाची गटारे, गावातील भांडणे, दारूचे गुत्ते, लग्नातील कर्ज आणि अंगारेधुपारे ही जागच्या जागी होती. भजनाचा प्रभाव मोठा खरा, पण तो गायकाबरोबर येतो आणि गायकाबरोबर जातो. गाणारा निघून गेल्यावर गावात मागे काय राहावे, ह्या विचारातून ग्रामगीता हा ग्रंथ जन्मास आला असे आम्ही समजतो. १९५५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात ४१ अध्याय असून ओव्यांची संख्या साडेचार हजारांहून अधिक आहे. ज्ञानेश्वरीपासून चालत आलेला ओवीचा छंद त्यांनी निवडला, कारण तो खेड्यातील माणसाच्या कानास परिचित आहे. पण त्या जुन्या भांड्यात भरलेला माल अगदी नवा आहे. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, ग्रामरक्षण, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, सण-उत्सव, प्रारब्ध आणि प्रयत्न हे ह्या गीतेचे विषय होत. गावालाच देव मानून त्यास ती अर्पण केलेली आहे. ज्या वर्षी ती निघाली त्याच वर्षी महाराज जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेस गेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जगाच्या सभेत बसण्याची योग्यता आल्यावरही ज्याची दृष्टी गावच्या उकिरड्यावरून ढळत नाही, त्याच्याच शब्दास वजन येते.

ह्या ग्रंथाचे एक वैशिष्ट्य शिकलेल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. तो एकट्याने कोपऱ्यात बसून वाचण्यापुरता रचलेला नाही. एकाने वाचावा, दहांनी ऐकावा, आणि मग गावात काय करावयाचे ते सर्वांनी ठरवावे, अशी त्याची रीत आहे. ज्यास अक्षर येत नाही तोही ह्या वाचनातून वगळला जात नाही. मनाच्या दुखण्यासंबंधाने विचार केला तर ह्या रीतीचे मर्म कळते. मनुष्य दुःखाने जितका खचतो त्याहून अधिक एकटेपणाने खचतो. व्यसनी मनुष्यास आपली लाज लपवावयाची असते, कर्जबाजाऱ्यास आपला आकडा लपवावयाचा असतो, सासुरवाशिणीस आपले हाल लपवावे लागतात. अशा माणसांच्या समोर जेव्हा त्यांचेच दुःख ओवीच्या रूपाने उघड वाचले जाते, तेव्हा ते दुःख त्यांच्या एकट्याचे राहत नाही. ते गावाचे होते. ज्या दुखण्याचे नाव चारचौघांत घेता येते त्यावर इलाज सुरू होतो. वैद्याच्या औषधाची जागा ग्रंथ घेत नाही. परंतु वैद्याकडे जाण्याची हिंमत तो देऊ शकतो.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहोत, म्हणून कायद्याची शक्ती आणि त्याची मर्यादा दोन्ही सांगणे आमचे कर्तव्य आहे. ह्या अरण्यप्रदेशाचाच दाखला घ्या. १९८२ साली चंद्रपुरातून निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यातही तीच मागणी उठली. २०१० साली स्त्रिया चिमुराहून नागपुरापर्यंत पायी चालत गेल्या आणि त्यांनी आपले गाऱ्हाणे विधिमंडळाच्या दारी नेले. ज्या चिमुरातून १९४२ साली परक्या सत्तेला आव्हान गेले, त्याच चिमुरातून आपल्या घरातील संहार थांबविण्यासाठी बायका निघाल्या, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी अमलात आली. आणि चोरटी दारू व गुन्हे वाढले, हे कारण पुढे करून २०२१ साली सरकारने ती उठविली. बंदी असावी की नसावी ह्याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण दोन्ही पक्षांस एक गोष्ट कबूल करावी लागेल. राजपत्रातील एका ओळीने दुकान बंद होते आणि दुसऱ्या ओळीने ते उघडते; माणसाच्या मनातील दुकान मात्र राजपत्र वाचीत नाही. ते बंद करण्यास शेजाऱ्यांचा सहवास, घरच्यांचा आधार आणि रोज कानी पडणारा चांगला शब्द ह्यांची गरज असते. कायदा कुंपण घालतो. आतले पीक ग्रंथाने आणि संगतीने वाढवावे लागते. कुंपणावाचून पीक टिकत नाही हे जितके खरे, तितकेच नुसत्या कुंपणाने पोट भरत नाही हेही खरे.

येथे काही आक्षेप येतील, व ते टाळणे बरे नव्हे. पहिला आक्षेप असा की, ग्रामगीता खेड्यासाठी लिहिली. माजरीसारख्या ठिकाणी तिचा उपयोग काय? येथे रेल्वेचे जंक्शन आहे, कोळशाच्या खाणी आहेत, नाना प्रांतांतून पोटासाठी आलेली माणसे आहेत. येथे पाटील-कुळकर्ण्यांचे जुने गाव उरले आहे कोठे? आमचे उत्तर असे की, म्हणूनच येथे तिची गरज अधिक आहे. खेड्यात निदान शेजारी शेजाऱ्यास ओळखतो. खाणीच्या वसाहतीत पाळी बदलते, बदली होते, खोली बदलते, आणि एका भिंतीपलीकडचा मनुष्य चार वर्षे अनोळखी राहतो. असे गाव घडविल्यावाचून घडत नाही. दुसरा आक्षेप असा की, संतांच्या नावाने जे जे चालते ते शेवटी बुवाबाजीत जमा होते. ह्या भयास आधार आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण महाराजांनी स्वतः चमत्कारांच्या नादी लागण्याविरुद्ध आणि नवसासायासांच्या खर्चाविरुद्ध लिहिले आहे. त्यांच्या तसबिरीस हार घालून त्यांच्याच शिकवणीविरुद्ध जो वागतो त्याचा दोष ग्रंथाच्या माथी मारणे न्यायास धरून नाही. तिसरा आक्षेप साहित्यरसिकांचा आहे: ओव्या साध्या आहेत, त्यांत ज्ञानेश्वरीची शोभा नाही. नसेल. भुकेल्यास भाकर देताना ताटावरील नक्षी कोणी मोजीत नाही.

आता आमच्या व्यापारी बंधूंस त्यांच्याच भाषेत एक गोष्ट सांगतो. दिवसाचा व्यवहार रोजकीर्दीत उतरला म्हणजे काम झाले असे कोणताही जाणता मुनीम म्हणत नाही. प्रत्येक रकमेची खतावणी व्हावी लागते. ज्याच्या त्याच्या खाती ती जमा किंवा नावे पडावी लागते. तेव्हा कोठे वर्षाअखेर ताळेबंद जुळतो. ग्रंथाचे वाचन ही रोजकीर्द आहे. वाचलेल्याची आचरणाच्या खात्यावर खतावणी झाली नाही तर पारायणांची वही कितीही जाड झाली तरी ताळेबंद शून्यच. ग्रामआरोग्याचा अध्याय वाचला. दुकानापुढची नाली स्वच्छ झाली काय? श्रमसंपत्तीचा अध्याय वाचला; हमालाची मजुरी त्याच दिवशी चुकती झाली काय? महिलोन्नतीचा वाचला, घरातील सुनेस चार शब्द मांडण्याची आणि चार पुस्तके वाचण्याची मोकळीक मिळाली काय? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्यास देता येतील त्याने ग्रंथ खरोखर वाचला असे आम्ही म्हणू.

करावयाचे काम फार मोठे नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. देवळाचे सभागृह, बुद्धविहार, शाळेची पडवी, नाहीतर एखाद्या पेढीची ओटी, कोणतीही जागा चालेल. मात्र तेथे येण्यास कोणाच्या जातीची किंवा धर्माची आडकाठी नसावी. एकाने अर्धा तास वाचावे; ग्रामगीता वाचावी, आणि तीच का, जोतीराव फुल्यांचे वाचावे, डॉ. आंबेडकरांचे वाचावे, लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी वाचाव्या. उरलेला अर्धा तास श्रोत्यांनी बोलावे, आणि त्यात पहिला मान अशांस द्यावा की जे एरवी बोलत नाहीत: खाणीतील मजूर, भाजी विकणारी बाई, शाळा सुटलेला मुलगा. प्रथम ते अडखळतील. अडखळू द्यावे. यावलीच्या त्या मुलाचा पहिला अभंगही दुसऱ्याच्याच नावाचा होता. उठताना मात्र एक काम ठरवून उठावे, आणि पुढच्या बैठकीत त्या कामाचा जाब घ्यावा. एवढे वर्षभर नेमाने झाले तर माजरीचे रूप कोणासही ओळखता येणार नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु माजरीतील दहापाच माणसे एकमेकांस ओळखू लागतील, आणि सुधारणेचा आरंभ नेहमी तेथूनच होतो.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे महाराजांचे निधन झाले. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांनी त्यांस राष्ट्रसंत म्हणून गौरविले होते; २००५ साली नागपूर विद्यापीठासही त्यांचे नाव देण्यात आले. ज्यास चौथीपलीकडे शाळा लाभली नाही त्याचे नाव विद्यापीठाच्या दारावर लागावे, ह्याहून मोठा न्याय काळ कोणाचा करणार? तथापि नाव दारावर लावणे हे सरकारचे काम होते, ते सरकारने केले. ग्रंथ उघडणे हे आपले काम आहे, आणि ते आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही. ज्यांच्या घरी ग्रामगीता वस्त्रात बांधून ठेविली असेल त्यांनी आज रात्री ती गाठ सोडावी, शेजाऱ्यास हाक मारावी, आणि कोणतेही पान काढून मोठ्याने वाचावयास आरंभ करावा, एवढीच आमची विनंती आहे.